वैशाखात फुलणारा कंद : मे फ्लॉवरची वर्षभराची निगा

चैत्र सरत आला की बागेची रया जाते. शेवंतीचा हंगाम कधीच संपलेला असतो, गुलाबाच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात, कुंडीतली माती दुपारपर्यंत भाजून निघते. नेमक्या याच दिवसांत एखाद्या कोपऱ्यातल्या कोरड्या कुंडीतून, एकही पान नसताना, बुडाशी तांबूस ठिपके असलेला जाड दांडा वर येतो आणि बघता बघता त्याच्या टोकाला केशरी-तांबड्या फुलांचा वाटोळा गेंद उमलतो. चांगल्या पोसलेल्या कंदाचा गेंद सहज वीतभर रुंद होतो आणि त्यात 200 पर्यंत फुले असू शकतात. प्रत्येक फुलाला सहा अरुंद पाकळ्या, सहा लांब पुंकेसर आणि त्यांच्या टोकांना पिवळे परागकोश. कोणी याला मे फ्लॉवर म्हणतात, कोणी फुटबॉल लिली, कोणी बॉल लिली. वास नाही, पण रंग असा की अंगणात शिरणारा माणूस थबकतो.

आपल्या पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख म्हणजे वसंत. थंड देशांतले ट्यूलिप किंवा डॅफोडिल आपल्याकडे जगवायचे तर कंद शीतगृहात ठेवावे लागतात आणि तरीही एका फुलानंतर ते बहुधा टाकून द्यावे लागतात. मे फ्लॉवरला यातले काही लागत नाही. सेनेगलपासून सोमालियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत हा रानात आढळतो, येमेनमध्येही आढळतो. कोरडा हिवाळा, कडक उन्हाळा आणि मग पाऊस, हे त्याच्या मूळ मुलुखातल्या बऱ्याच भागांचे चक्र आपल्या चक्राशी जुळते. त्यामुळे कोकणात, देशावर, विदर्भात, सगळीकडे तो येतो. तरीही आपल्या बागांमध्ये तो कमीच दिसतो. ज्यांच्याकडे आहे त्यांचीही तक्रार ठरलेली असते: पहिल्या वर्षी फुलला, नंतर नुसती पानेच येतात.

या तक्रारीचे उत्तर मे महिन्यात सापडत नाही. फुलण्यापूर्वी विश्रांतीतल्या मोठ्या कंदात फुलाचा कळा आधीच तयार झालेला असतो आणि तो तयार होतो आदल्या पावसाळ्यात पानांनी कमावलेल्या अन्नावर. म्हणून या कंदाची खरी निगा आषाढ ते आश्विन या काळात घ्यायची असते, जेव्हा फूल नसते आणि आपले त्याच्याकडे लक्षही नसते. या लेखातले बाकी सगळे या एका गोष्टीच्या आधाराने वाचावे.

सध्या, फाल्गुनात काय करावे

आत्ता कंद झोपलेला आहे. पाने वाळून गेली आहेत, कुंडी रिकामी वाटते. नवीन कंद लावायचे, गर्दी झालेल्या कुंड्या फोडायच्या किंवा अभिवृद्धी करायची, तर हाच काळ. गुढीपाडव्यापर्यंत हे काम उरकून घ्यावे. त्यानंतर दांड्याचे टोक केव्हाही डोके वर काढते आणि मग हात लावला तर त्या वर्षाचे फूल हमखास जाते.

रोपवाटिकेत कंद घेताना आकाराकडे पाहा. लिंबाएवढा कंद घेतलात तर फुलासाठी दोन-तीन पावसाळे थांबावे लागेल. 5 ते 8 सेंटिमीटर व्यासाचा, हातात जड लागणारा, दाबल्यावर कुठेही मऊ न लागणारा कंद निवडा. कंदाचे बूड शाबूत हवे, कारण मुळे तिथूनच फुटतात. खाली जाड, मांसल मुळे लोंबत असतील तर ती कापू नका. पुष्कळ विक्रेते कंद नीटनेटका दिसावा म्हणून मुळे साफ छाटतात. असा कंद जगतो, पण आधी मुळे भरून काढण्यात त्याचे वर्ष जाते. मुळांसकट मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत.

नावाचाही घोळ होतो. पूर्वी याचा समावेश हेमँथस या प्रजातीत होता आणि अनेक ठिकाणी तो अजून त्याच नावाने विकला जातो. 1976 साली फ्रीस आणि नॉर्डल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्कॅडॉक्सस ही प्रजाती पुन्हा वेगळी मांडली आणि आता याचे शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस आहे. पानावरून फरक सहज कळतो: स्कॅडॉक्ससची पाने पातळ, मधोमध ठळक शीर असलेली आणि खाली एकमेकांत गुंडाळून खोडासारखी उभी राहणारी असतात. खऱ्या हेमँथसची पाने जाड, मांसल, बहुधा दोनच आणि जमिनीलगत. मागवताना दोन्ही नावे सांगितलीत तर चुकीचा कंद गळ्यात पडणार नाही. कॅथरिनी या उपजातीचे कंदही बाजारात दिसतात. ती दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातली, उंच वाढणारी, उशिरा फुलणारी असून पानेही जास्त काळ राखते. सुंदर आहे, पण मे महिन्यात फूल हवे असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

माती साधीच लागते, मात्र निचऱ्यात तडजोड चालत नाही. दोन भाग पोयटा माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण चांगले. काळ्या चिकट मातीच्या भागात वाळूचे प्रमाण वाढवा किंवा विटांचा चुरा मिसळा. दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड आणि थोडा हाडांचा चुरा घालावा. ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेण मुळीच नको. कंद सडण्याचे ते एक मोठे कारण आहे.

लावताना कंद खोल गाडू नका. कंदाची मान मातीच्या वर राहिली पाहिजे. बाकीचा कंद मातीत, मान उघडी. आठ ते दहा इंची कुंडीत एक मोठा कंद, किंवा मध्यम आकाराचे तीन. या झाडाला थोडी गर्दी मानवते. मोठ्या कुंडीत एकटा लहान कंद लावला की भोवतालची माती ओली राहते आणि तो आधी मुळे पसरण्यात गुंतून पडतो. जमिनीवर लावायचा असेल तर 20 ते 30 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून दोन कंदांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवावे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्या जमिनीत निचरा आपसूक होतो, पण पावसाचा मारा इतका असतो की सपाट वाफ्यात पाणी तुंबतेच. तिथे गादीवाफा टाळू नये.

जागा अशी निवडा की सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास मिळेल आणि दुपारी सावली असेल. आंबा, चिकू, नारळ, सुपारीखालची झिरपती सावली याला उत्तम. नारळ-सुपारीच्या वाडीत ओळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात हा कंद आरामात राहतो आणि पावसाळ्यात त्याची रुंद पाने जमीनही झाकतात. पण दाट, काळोख्या सावलीत टाकला तर पाने लांबतात आणि फूल रुसते. विदर्भ-मराठवाड्यात, जिथे मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, तिथे 50 टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवलेला गेंद उघड्यावरच्या गेंदापेक्षा बऱ्याच जास्त दिवस टिकतो.

वळीव येण्याआधी

लावल्यावर एकदा माती बसेल इतके पाणी द्या आणि मग थांबा. चैत्र अर्धा होईपर्यंत दहा-बारा दिवसांतून एकदा वरची माती ओलसर होईल एवढेच. अनेकांना वाटते की उन्हाळा आहे म्हणजे रोज पाणी हवे. पानेच नसलेल्या कंदाला ते पाणी वापरता येत नाही, माती ओली राहते आणि बूड सडते. दांड्याचे टोक दिसले की मग पाणी वाढवा, पण पुढच्या पाण्याआधी वाफसा येऊ द्या. बऱ्याच बागांत वळवाच्या पहिल्या सरीनंतर दोन-चार दिवसांत दांडे वर येतात, तेव्हा त्या सरीवर अवलंबून राहिलात तरी चालते. उलट पाऊस लांबला म्हणून फूल अडून बसते असेही नाही.

एक कंद वर्षाला साधारण एकच दांडा देतो. फूल असताना खत देऊ नये. दांडा फुलदाणीसाठी कापायचा असेल तर खुशाल कापा, त्याने कंदाचे नुकसान होत नाही. बी धरायचे नसेल तर फुले सुकल्यावर दांडा बुडापासून काढून टाकणे चांगलेच, म्हणजे अन्न फळांत जाणार नाही. मात्र दांड्याच्या बगलेतून वर येणाऱ्या पानांना धक्का लागू देऊ नका.

पावसाळा : कंद भरण्याचा काळ

फूल ओसरता ओसरता पाने येतात आणि मृगाच्या पावसाबरोबर जोर धरतात. हिरवीगार, कडांना हलकी लाट असलेली, हातभर लांब. इथून दिवाळीपर्यंतचे चार-पाच महिने हा कंद कमावतो. प्रत्येक धडधाकट पान म्हणजे पुढच्या वैशाखातली फुले, असे समजूनच ही पाने जपावीत. बागेची साफसफाई करताना वाकलेली, जागा अडवणारी म्हणून पाने कापणाऱ्या माळ्याला आधीच सांगून ठेवा. जोडीला गुंडाळून गाठ मारणे, दोरीने आवळून बांधणे हेही नको. पानाला उजेड मिळाला पाहिजे.

आषाढात, पाने पूर्ण उघडल्यावर, कुंडीला ओंजळभर गांडूळखत द्या. त्यानंतर श्रावण-भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात पंधरवड्यातून एकदा मुळाशी घाला. भाद्रपद संपत आला की नत्र थांबवा आणि पालाश वाढवा. 0:0:50 त्याच प्रमाणात दोन वेळा पुरते. सगळा पावसाळा युरियावर ढकलणाऱ्यांची पाने हेवा वाटावा अशी होतात, कंद मात्र मऊ राहतो आणि हिवाळ्यात सडतो. सेंद्रिय पद्धतीने करायचे असेल तर गांडूळखताचा दुसरा हप्ता आणि चमचाभर लाकडाची राख एवढ्यावरही काम भागते. कोकणात सततच्या पावसाने कुंडीतले अन्न वाहून जाते, म्हणून तिथे खत कमी मात्रेत पण जास्त वेळा द्यावे. शक्य असेल तर कुंड्या पागोळ्यांच्या थेट धारेखालून हलवा.

याच काळात याचे शत्रू येतात, आणि त्यातला एक इतका वेगवान आहे की चार दिवस बाहेरगावी जाऊन आलात तर परत येईपर्यंत पानांच्या जागी नुसते देठ उरलेले असतात. ही लिलीवरची अळी. काळ्या अंगावर पांढरे आणि केशरी-तांबडे ठिपके, त्यामुळे ओळखायला सोपी. पॉलिटेला ग्लोरिओसी हे तिच्या पतंगाचे शास्त्रीय नाव. कळलावी, क्रायनम, स्पायडर लिली यांच्यावरही तीच येते. त्यामुळे बागेत यातले काही असेल तर आधी तिथे शोधा. पतंग पानाखाली पुंजक्याने अंडी घालतो. लहान अळ्या एकत्र राहून पान खरवडतात, मोठ्या झाल्या की पांगतात आणि कंदाच्या मानेपर्यंत खातात.

माझा सल्ला असा की पावसाळाभर दर दोन दिवसांनी पाने उलटून पाहावीत. अंड्यांचा पुंजका किंवा लहान अळ्यांचा घोळका दिसला की पानाचा तेवढा भाग काढून साबणाच्या पाण्यात टाकावा. घरगुती बागेत फवारणीची गरज सहसा पडत नाही. कंद जास्त असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. त्यासाठी लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजत घालून सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा मिसळा आणि पाऊस नसेल अशा संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने मारा. मोठ्या अळ्यांवर याचा फारसा उपयोग होत नाही, त्या हातानेच वेचाव्या लागतात. अळी कोषावस्थेसाठी मातीत जाते, तेव्हा प्रादुर्भाव झालेल्या कुंडीतली वरची दोन इंच माती हलवून कोष काढून टाकले तर पुढची पिढी आवरते.

दुसरा शत्रू गोगलगाय. 2022 साली लातूर-बीड भागातल्या सोयाबीनवर गोगलगायींनी कसा ताव मारला हे तिथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. ओलसर सावलीत लावलेला हा कंद त्यांच्या वाटेतच असतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्यालगत पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. गोळा करताना हातमोजे घाला. पिठ्या ढेकूण कधीकधी पानांच्या बेचक्यात दिसतो. तो ओल्या फडक्याने पुसून काढावा.

दिवाळीनंतर

कार्तिकात पाने पिवळी पडू लागली की घाबरू नका, रोग समजून औषध मारू नका आणि पाणी वाढवू नका. पानातले अन्न कंदात उतरते आहे. पाणी हळूहळू कमी करत न्या आणि पाने पूर्ण वाळल्यावर बंद करा. वाळलेली पाने हलक्या हाताने ओढली तर सुटून येतात. जोर लावावा लागत असेल तर अजून वेळ आहे. मार्गशीर्षापासून माघ संपेपर्यंत कुंडी कोरडी ठेवायची. महिन्यातून एकदा वाटीभर पाणी, तेही मुळे अगदी सुकून जाऊ नयेत म्हणून. ही कुंडी बाकीच्या कुंड्यांच्या रांगेत राहिली तर रोजच्या सवयीने तिला पाणी पडतेच. तेव्हा ती उचलून वेगळी, पावसाचे व नळाचे पाणी लागणार नाही अशा सावलीत ठेवा. वाफ्यावर असेल तर ठिबकची त्या भागातली नळी बंद करा आणि जागेवर काठी रोवून खूण करा, नाहीतर रिकामी जागा समजून कोणीतरी तिथे कुदळ मारतो. कंद मातीतून काढून साठवण्याची गरज नाही. ग्लॅडिओलसला ते मानवते, याला मुळे दुखावलेली आवडत नाहीत.

न फुलणाऱ्या कंदाकडे आता पुन्हा वळू. मान मातीखाली गेली आहे का ते पहिले पाहा. पावसात माती सरकून किंवा दरवर्षी वरून खत-माती टाकल्याने पुष्कळदा असे होते. माती बाजूला करून मान उघडी करा, एवढ्यानेही फरक पडतो. मग हिवाळा आठवा: पाणी खरेच बंद होते का? त्यानंतर सावली. सकाळचे ऊन अजिबात मिळत नसेल तर कुंडी हलवा. यातले काहीच लागू नसेल तर पाने किती टिकली ते तपासा. भाद्रपदात अळीने पाने खाल्ली असतील तर पुढच्या मेमध्ये फूल येणार नाही हे धरूनच चाला आणि एक पावसाळा नीट सांभाळा. आणि दरवर्षी कुंडी बदलण्याची सवय असेल तर ती सोडा. तीन-चार वर्षे कंदाला त्याच कुंडीत राहू द्या. कुंडी फुटायला आली किंवा मधले कंद वर ढकलले जाऊ लागले की मगच फोडा. फोडलेल्या वर्षी काही कंद फूल देत नाहीत, तेवढे सोसावे लागते.

रोपवाटिकाधारकांसाठी

हा कंद पिल्ले सावकाश धरतो. वाढ वेगाने हवी असेल तर आत्ता, फाल्गुनात, कंद कापून रोपे करता येतात. मोठा निरोगी कंद स्वच्छ, धारदार सुरीने उभा आठ फोडींत कापा. प्रत्येक फोडीला बुडाचा तुकडा आलाच पाहिजे, त्याशिवाय काही फुटत नाही. फोडींना बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा लावून सावलीत दिवसभर सुकवा आणि किंचित दमट वाळू-कोकोपीटमध्ये उभ्या अर्ध्या रोवून ठेवा. काही आठवड्यांनी पापुद्र्यांच्या मध्ये बुडाशी लहान कंद धरू लागतात. माध्यम ओलेचिंब असेल तर त्याआधीच फोडी सडतात. अशा कंदांना विक्रीयोग्य व्हायला तीन पावसाळे तरी लागतात.

बियांनीही रोपे होतात. लाल फळांचा गर धुऊन काढा आणि बी लगेच, अर्धे उघडे राहील असे, मातीवर दाबून बसवा. हे बी वाळवून, पुडीत भरून ठेवता येत नाही. सुकले की मेले. बियांपासून फूल यायला तीन ते पाच वर्षे जातात.

विक्रीच्या दृष्टीने सुटा कंद आणि कळा धरलेली कुंडी यांत खूप फरक आहे. कंद पाहून गिऱ्हाईकाला काहीच कळत नाही. एप्रिलअखेर कळा वर आलेली सहा इंची कुंडी समोर ठेवली की भाव सांगावा लागत नाही. त्या दिवसांत रोपवाटिकेत विकण्यासारखे फुललेले फारसे काही नसतेच. सुट्या फुलांच्या बाजारासाठी मात्र हे पीक नाही. निशिगंधासारखे एकरी गणित यात मांडू नये.

पुरवठा वाढवण्याच्या नादात आपल्या सड्यांवरचे आणि डोंगरातले दुसरे रानकंद उपटण्याकडे कोणी वळू नये. रानकांदाही याच दिवसांत पानांविना फुलतो, आणि दिपकाडी या रानकंदाची एक जात तर कोकणच्या सड्यांवरच वाढते. ते विकत घेऊ नका, विकू नका.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. या कंदात लायकोरीनसारखी विषारी अल्कलॉइडे असतात. आफ्रिकेत काही ठिकाणी तो बाणाच्या विषात आणि मासे पकडण्यासाठी वापरला गेला आहे. शेळ्या-मेंढ्यांनी खाल्ला तर जीवावर बेतू शकते, म्हणून कापलेली पाने आणि सडके कंद गोठ्याकडच्या उकिरड्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा. सुटे कंद दिसायला कांद्यासारखेच असतात, तेव्हा स्वयंपाकघरात किंवा कांद्याच्या चाळीजवळ ते क्षणभरही ठेवू नका. विकणाऱ्यांनी प्रत्येक पिशवीवर 'विषारी, खाण्याचा कांदा नाही' असे मराठीत ठळक छापावे. त्याच चिठ्ठीवर मान मातीच्या वर ठेवण्याची आणि पाने वाळल्यावर पाणी बंद करण्याची सूचनाही लिहावी.